शेजाऱ्याचं घर जळालं तर

११ फेब्रुवारी १९६९

आजही एक उत्तर नाही! आठवडा झाला या वाडीत येऊन, प्रश्नावल्या कोऱ्या त्या कोऱ्याच. प्रश्न साधा — ‘तुमचं घर जळालं तर नुकसान कसं भरून काढाल?’ पुण्यात माझ्या मार्गदर्शक सरांनी आणि मी घासूनपुसून तयार केलेला. इथे तो तोंडातून निघाला की बाई पदर तोंडाशी नेते आणि बुवा उठून गोठ्यात जातो. रामभाऊंच्या घरी मी राहते. भारी सौम्य माणूस, पण आज त्यांनीही हात जोडले. “ताई, घरात बसून आसलं बोलू न्हाई. वास्तू तथास्तु म्हनती.”

घ्या! आगीच्या विम्यावर प्रबंध, आणि आगीचं नाव काढायला बंदी!

१३ फेब्रुवारी

अंगणात नेऊन विचारलं. वास्तूला अंगणातलंही ऐकू जातं म्हणे.

१६ फेब्रुवारी

सरांचं पत्र. ‘ग्रामीण माणसाला धोक्याची जाणीवच नसते, असा निष्कर्ष काढता येईल.’ जाणीव नसते! पेंढ्याची गंजी घरापासून लांब रचतात, निजण्याआधी चुलीतला विस्तव राखेत पुरतात — आणि म्हणे जाणीव नसते. स्वतः या म्हणावं एकदा वेल्ह्यापर्यंत एस.टी.नं आणि पुढे डोंगर चढून.

पण बोलते कुणाला? पुढच्या महिन्यात अधिव्याख्यात्याच्या जागेची मुलाखत. तोवर एक तरी प्रकरण छापायला गेलं नाही, तर जागा गेली. आई टपूनच बसली आहे — झालं एवढं शिक्षण पुरे, आता स्थळं बघू. नुसता वैताग!

२० फेब्रुवारी

सापडलं! आणि तेही भांडताना. रामभाऊंच्या मंडळी सरूबाई भाकऱ्या थापत होत्या. मी चिडून म्हटलं, बरं बाई, तुमचं राहू द्या, शेजारच्या नानांचं घर जळालं तर? नानांशी यांचं बांधावरून बोलणं बंद आहे. सरूबाईंचा हात थांबलासुद्धा नाही. दोन वासे देऊ, पेंढा देऊ, पायलीभर तांदूळ, आणि हे जातील शाकारायला. बोलणं बंद असलं तरी? “घर जळाल्यावर कसलं भांडान?”

स्वतःला काय मिळेल हे कुणी उच्चारत नाही, दुसऱ्याला काय देऊ ते धडाधड सांगतात. हाच तर विमा, आणि तो भरणारेच मला सांगताहेत! मूर्खासारखी उलटा प्रश्न विचारत बसले होते. शेजाऱ्याच्या वास्तूचं काय, हे मात्र मी विचारलं नाही. गप्प बसणं शहाणपणाचं.

२६ फेब्रुवारी

वाडीतली सगळी घरं झाली. नानांनी रामभाऊंसाठी वाशांबरोबर छपराची एक अख्खी तुळईही कबूल केली. बांधावरून शिवी हासडली, मग कबूल केली! सगळं प्रकरण एका बैठकीत लिहिलं. टपालात टाकलं. सरूबाईंनी खीर केली आणि ती करपली, तरी दोन वाट्या खाल्ली.

७ मार्च

सर चक्क खूश! ‘उत्कृष्ट. छापायला देतो. शेवटी एवढं घाला — खेड्यात परस्परांच्या मदतीची सोय पुरेशी आहे, सरकारने आगीच्या विम्यावर खर्च करण्याचं कारण नाही.’ जरा खटकलं. माझं वाक्य नव्हे ते. पण खोडायला कारणही सापडेना. तुम्हीच घाला म्हणून कळवलं. मुलाखत सोमवारी, १७ला.

११ मार्च

काल दुपारी खालच्या आळीत आग लागली. ओढ्यापलीकडची बौद्धांची घरं — त्यातलं रखमाजी आणि फुलाबाईंचं. रखमाजी रस्त्याच्या कामावर गेलेले. वरच्या आळीतूनही सगळे धावले, घागरी घेऊन, नानासुद्धा. माणसं आणि शेळ्या वाचल्या. घर गेलं.

लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे — आता वासे येतील, पेंढा येईल, आणि मला ते डोळ्यांनी बघायला मिळेल.

१३ मार्च

वरून एक काडी गेली नाही. खालच्या घरांनी आपल्यातलं काढून दिलं, पण त्यांच्याकडे तरी कुठे एवढा पेंढा? वाटलं, कामाची गडबड असेल. शेवटी रामभाऊंना विचारलंच. तंबाखू मळत म्हणाले,

“तुमी शेजाऱ्याचं इचारलं व्हतं, ताई.”

मी ओरडलेच. ओढा ओलांडला की रखमाजींचंच दार! नाना मात्र शेजारी, भांडण असलं तरी? सरूबाई मधे पडल्या, की विझवायला गेलोच होतो ना आम्ही. गेला होता. मान्य! इतकी चीड आली की जेवले नाही. आणि मी तरी कोण मोठी? सगळी घरं झाली म्हणून लिहून मोकळी झाले. त्या वेळी ओढ्यापलीकडे जायला निघाले होते, तर रामभाऊ म्हणाले, तिथं कशाला — आणि मी परत फिरले.

१४ मार्च

भोरला जाऊन सरांना तार केली — प्रकरण छापू नका, निष्कर्ष चूक. जागा बहुधा गेली. रडू आलं, एस.टी.त सगळ्यांसमोर. सोमवारी मुलाखतीला मात्र जाणार. संशोधनातून काय निघालं, हेच पहिलं विचारतील. सांगेन, फुलाबाई लेकरं घेऊन आंब्याखाली निजते आहे.