जावयाले फोर्कवर घेतलं नाही

३ नोव्हेंबर, सोम.
आज जावयाले नाही म्हणलं. चारचौघांत. दिवाळीनंतर नितीनराव आमच्याच गोडाऊनले स्टोअरकीपर म्हणून लागले. म्हणे, "मामाजी, फोर्कवर लाकडी पॅलेट घ्या, मी उभा राहतो. वरचे खोके मोजून घेतो." म्हणलं, फोर्कलिफ्ट माल उचलायले आहे, माणूस नाही. शिडी आणा. "जुना स्टोअरकीपर चढत होता ना?" चढत असन, माझ्या गाडीवर नाही! हमाल खिदळले. जावयाचं तोंड लालबुंद.
घरी हिले सांगितलं. "जावयाले असं बोलता? अक्कल गहाण ठेवली का?"

४ नोव्हें.
जावई बोलत नाही. आज मले "ओ ऑपरेटर" म्हणून हाक मारली. लागलं मनाले. वरचे खोके तसेच पडून. शिडीवर चढायची लाज वाटते साहेबाले.

६ नोव्हें.
रंजूचा फोन. पहिलं बाळंतपण, सातवा महिना, रविवारी माहेरी यायचं ठरलेलं. आता म्हणते, "बाबा, हे म्हणतात डिलिव्हरी इथंच करू." रडत होती. खोली रंगवून ठेवली मी तिच्यासाठी.
ही म्हणते, "एकदा उचला न त्यांले. काय जाते तुमचं?"
जाते ना! त्याचा जीव जाते!
तरी वाटून गेलं, हळूच, थोडंसंच वर... नाही. नाही जमत बाप्पा.

७ नोव्हें.

जेवायच्या सुट्टीत मी बाहेर डबा खाऊन राहिलो होतो. नितीनरावानं दुसऱ्या ऑपरेटरले, मोरेश्वरले, पटवलं न चढला. वर गेल्यावर पॅलेटची फळी मोडली. ओरडा ऐकून धावलो, तर जावई रॅकच्या आडव्या पट्टीले दोन्ही हातानं लोंबकळून! मोरेश्वर गाडी हलवाले गेला, त्याले ओरडलो, हात लावू नको बे! शिडी लावली, मी चढलो, त्याचे पाय धरून पायरीवर टेकवले. खाली आला. खरचटलं फक्त. जीव भांड्यात पडला.
माझा हात सोडेना. "मामाजी... मामाजी..." एक कानाखाली द्यावी वाटत होती. पाणी दिलं. मंग ट्रकच्या मागं जाऊन मनसोक्त रडलो.

८ नोव्हें.
मॅनेजरनं मोरेश्वरले झापलं. नितीनराव मधात पडले, "मीच सांगितलं होतं, त्याची चूक नाही." हे मात्र बरं केलं.
संध्याकाळी रंजू, "बाबा, हे शिडीवरून घसरले म्हणे. कसली भंगार शिडी ठेवता तुम्ही?"  म्हणलं, बघतो शिडीचं. "उद्या येऊन राहिलो आम्ही," म्हणाली. ही तेव्हापासून अनारसे करून राहिली. मीही खूश. कबूल करतो.

९ नोव्हें., रवि.
आले. रंजू थकली, पण चेहरा छान. जेवताना मलेच बोलून राहिली, "माणूस मेला असता म्हणजे?" जावई मान खाली घालून वरण-भात खात होता. हिले मी खरं सांगितलं होतं, ही मले कोपर मारून राहिली. हसू आवरेना.
जेवण झाल्यावर बाहेर भेटला. "मामाजी, तिले सांगू नका."
"मी नाही सांगत. पण तुम्ही सांगा."
"घाबरन ती."
"घाबरू द्या. पुन्हा चढाल तेव्हा आठवन तुम्हाले."
त्यानं तिची बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली.
आता दोघं अंगणात आहेत. तो काहीतरी सांगून राहिला. ती पाठमोरी, खांदे हलून राहिले. हसते का रडते, खिडकीतून समजत नाही.