ना एक भाई

२८ डिसेंबर १९३६, फैजपूर

काँग्रेसच्या अधिवेशनात स्वयंसेवक म्हणून चर खणतोय. हात सोलले. देशसेवा म्हणजे आत्तापर्यंत तरी कुदळ!

धाकट्या भावाला, झुलालला, आणलंय. माय दहादा बजावून म्हणाली, "वना, धाकलाना हात सोडू नको." म्हणून काम करताना त्याला उपरण्यानं कमरेला बांधून ठेवला. लोक हसले. तो मात्र रडला — त्याला भज्यांच्या दुकानाकडे जायचं होतं.

मनमाडहून शेतकरी पायी आलेत, लाल निशाणं घेऊन. एका म्हाताऱ्याला म्हटलं, आता स्वराज्य आलंच समजा. तो म्हणाला, "कोणाचं, ते आधी ठरवा." राग आला. पुन्हा कुदळ उचलली.

आखाजी, १९३७. गावी

आबांना जाऊन चार महिने झाले. आज अक्षय्य तृतीयेला त्यांच्या नावाची घागर भरली — नवी, मातीची, वर आंबा आणि खरबूज, आमचं डांगर. मी शहाणपणा केला. म्हटलं, गेलेला माणूस पाणी पितो होय? माय म्हणाली, "उन्हाया शे. तुना बापले तहान लागस." दोर घेऊन आडावर गेलो.

झुलाल वात्रट. घागर मांडून झाली तर म्हणतो, "आबानी झाई, आते वनाभाऊनी भर!" मायनं फाडकन् मुस्काटात दिली. "जित्ता माणूसनं नाव लेस का घागरपुढे?" मग स्वतःच रडत बसली. त्याला जवळ घेऊन सांजोऱ्या भरवल्या. मला एकच मिळाली.

११ मार्च १९३८, धुळे

गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागून सहा महिने झाले. आज संपात लाठी बसली. डावा खांदा उचलत नाही. खुर्चीवर आपले काँग्रेसचे लोक आणि लाठी तीच! फैजपूरच्या म्हाताऱ्याची आठवण झाली. तो दिसला असता तर पाय धरले असते.

युनियनचे जीवराम आले होते, औषध घेऊन. लाल बावट्याचे आहेत. म्हणाले, "टोपी बदलून भागत नाही वनाभाऊ, आतलं डोकं बदलावं लागतं."

खादीची टोपी काढून ठेवली. गावी गेलो की झुलालला देईन. फार दिवस मागतोय.

९ नोव्हेंबर १९४०, दोंडाईचा

भर बाजारात भाषण केलं. इंग्रजाच्या लढाईला ना एक पाई, ना एक भाई! झुलाल धान्याच्या पोत्यांवर चढून ओरडत होता — माझी टोपी घालून, मीच आतून शिवून लहान केली तरी कानांवर येते अजून. त्याचा गळा माझ्याहून मोठा. सारा बाजार त्याच्यामागे ओरडायला लागला. छाती भरून आली, खोटं कशाला लिहू.

उद्या-परवा धरतील. धरू देत.

२९ जुलै १९४२, धुळे

सुटलो. लाल बावट्याच्या पक्षावरची बंदीही उठली. आत गेलो तेव्हा लढाई साम्राज्यशाहीची होती, बाहेर आलो तर लोकयुद्ध झालेली! जीवरामांनी दोन दिवस बसून समजावलं. हिटलर रशियात घुसलाय. रशिया पडला तर जगातल्या कामगाराचं काही उरत नाही. गिरणी बंद पडता कामा नये.

पटतं. डोक्याला पटतं.

१३ ऑगस्ट १९४२

फाटकाबाहेर झुलाल, तिरंगा घेऊन — "गिरणी बंद करा!" फाटकाच्या आत मी — "कामावर चला!" ज्यांच्यासाठी लाठी खाल्ली त्यातलाच एक माझ्या अंगावर थुंकला. "सरकारचा कुत्रा," म्हणाला. तेही सोसलं असतं. पण झुलालनं मान फिरवली.

जेवलो नाही.

२३ ऑगस्ट १९४२

दुपारी झुलाल खोलीवर आला. चिंब भिजलेला. दोंडाईच्याकडे रेल्वेच्या तारा तोडल्या. बाकीचे सापडले, हा निसटला. डोळे खोल गेलेले. म्हणाला, "भाऊ, दोन दिवस ऱ्हाऊ दे."

कालच जीवराम सांगून गेले होते — तोडफोडवाल्यांना थारा द्यायचा नाही. एक जण सापडला की सगळा पक्ष पुन्हा आत. आणि मी पक्षाचा शब्द मोडणारा नव्हे! केवढा ताठा मला त्याचा.

त्याला समजावलं. फॅसिझम, रशिया, सगळं सांगितलं. तो ऐकत होता की झोपत होता कोण जाणे. शेवटी म्हटलं, तुला इथे राहता येणार नाही. भाकरी बांधून दिली. उठला. दारात थांबून म्हणाला, "ना एक भाई. तूच शिकाडं ना माले?"

भाकरी तिथेच ठेवून गेला. हाक मारायला तोंड उघडलं होतं. मारली नाही.

२५ ऑगस्ट १९४२

साच्यावरचा हिलाल आला. पांझरा नदीला पूर आहे. पुलावर पोलीस. परवा दुपारी एक पोरगा खालच्या अंगानं पाण्यात उतरला, असं धोबी सांगतात. मधोमध गेला होता म्हणे. मग दिसला नाही.

बाभळीला अडकलेली टोपी हिलालनं आणली. आतून माझ्याच हातची शिवण.

झुलाल रे! झुलाल! दार उघडंच होतं, मीच आडवा उभा होतो.

४ सप्टेंबर १९४२

काठाकाठानं तापीपर्यंत जाऊन आलो. काही नाही.

६ सप्टेंबर १९४२, गावी

मायला सगळं सांगितलं. लपवलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुन्ही खोलीमा जागा नव्हती का?"

मी म्हटलं, पक्षाचा हुकूम होता.

"पक्ष म्हणजे कोन? त्याले माय शे का?"

संध्याकाळी तिनं दोनच ताटं वाढली. एक तिचं, एक झुलालचं. त्याचं झाकून ठेवलं. तो मेला हे तिला मान्यच नाही. देह कुठे दाखवलास, म्हणते. मी पाणी पिऊन धुळ्याची वाट धरली.

४ फेब्रुवारी १९४३, धुळे

स्टालिनग्राड जिंकलं! जर्मन शरण आले! युनियनच्या कचेरीत गूळ वाटला. मीही नाचलो. खरंच नाचलो. म्हणजे आम्ही चुकलो नव्हतो. जीवरामांनी मिठी मारली. म्हणाले, "बघा, इतिहासानं आपली बाजू घेतली."

घेतली असेल. मी त्यांना विचारलं, झुलालनं दोन दिवस माझ्या खोलीत काढले असते तर स्टालिनग्राड पडलं असतं का? चांगला माणूस आहे, डोळे भरले त्यांचे. माझे भरत नाहीत हल्ली.

बावटा सोडणार नाही. सोडला तर त्याला कशासाठी घालवलं?

२ मे १९४३

आखाजी आली. झुलालच्या नावाची पहिली घागर. माय भरणार नाही, मग मीच भरेन. घागरपाण्यावर विश्वास नाही माझा. पण पाण्यातच गेलेल्या पोराला तहान लागत असेल असं सारखं वाटतं — काय करू!

आखाजी, १९४३. गावी

आंबे आणि मोठंसं डांगर घेऊन गेलो. उंबऱ्यापाशी घागर आधीच भरून ठेवलेली. म्हटलं, मानलं शेवटी मायनं. भडभडून आलं. हात जोडले, झुलालचं नाव घेतलं.

माय चुलीपाशी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाई झुलालनी नही. तो जित्ता शे, येई. हाई वनानी शे."

उठून आली. माझ्या हातातलं डांगर घेतलं आणि त्या घागरीवर ठेवलं.