पोच आल्याशिवाय थांबू नये

मी, राहीबाई आकाराम धायगुडे, वय ७१, मॅट्रिक पास, राहणार लोणंद, खंडोबाच्या कृपेने डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दडपणाखाली न येता, नवा चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वी केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

१. राहतं घर मुलगा धनाजी यास. देवघराची जागा हलवू नये.

२. शेवयांचं यंत्र सून प्रियदर्शनी हिला. दांडा डाव्या हाताने फिरवला की निसटतो, हे वीस वर्षं सांगते आहे, आता लेखी.

३. पोस्टातली ठेव नात सोनम हिला. कारण असं. ती शिरवळच्या एका कंपनीत आहे. नेटवर्कच्या यंत्रात काही बिघडलं, की त्याने देखरेखीच्या यंत्राला काय निरोप द्यायचा आणि तो केवढा असावा, हे ती ठरवते. दिवाळीत मी विचारलं, "निरोपाला कसलं माप गं?"

"आजी, मापाबाहेरचा निरोप वाटेतच टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याला वाटतं, पोचला. म्हणून आधी काय झालं, मग कुठं. बाकीचं त्यांनी विचारावं. आणि लय महत्त्वाचं असेल, तर पोच येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचं."

माझ्या हातातली करंजी हातातच राहिली.

४. नऊ वर्षांपूर्वी आमची आई माझ्याकडे वारली. धाकटी बहीण बनुबाई जतकडच्या वस्तीवर. फोन लागेना, म्हणून धनाजीने मोबाईलवर निरोप लिहून पाठवला. मजकूर मी सांगितला, शाळेत शिकवलेला: सप्रेम नमस्कार, देवकृपेने क्षेम, पाऊसपाणी, आणि शेवटी आई. बनू आली नाही. मी तिचं नाव टाकलं.

सोनमचं ऐकलं, आणि करंजी तळायची सोडून मी जतची एसटी धरली. बनूने जुना मोबाईल डब्यातून काढला. निरोपाचा पहिला तुकडाच तिला मिळालेला, पावसापाशी संपलेला. तिला वाटत होतं, मी कळवलंच नाही.

"आगं, नमस्कारच एवढं घातलंस, आईला जागाच उरली न्हाई!" म्हणाली, आणि आम्ही रडता रडता इतक्या हसलो की शेळ्या बुजल्या. चूक माझी होती. इथे लिहून देते.

५. माझ्या वेळी बनूला धनाजीने एवढंच पाठवावं: "राही गेली. लोणंद. दुपारपर्यंत थांबतो. पोच दे." मराठीत एका निरोपात सत्तर अक्षरं मावतात; हा काना-मात्रा, टिंबं, मोकळ्या जागा धरून पंचेचाळीस आहे. बाई-बिई लावू नये, जागा खाते. बनूची पोच आल्याशिवाय मला उचलू नये.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून आईची बोरमाळ आजच बनूच्या गळ्यात घातली. शेजारी आप्पासो यांनी नेलेली शिडी त्यांनाच सोडणार होते. पण तेही साक्षीदार आहेत, तेव्हा परत आणावी.

वाचून पाहिलं, मनासारखं उतरलं आहे. सही करते.

राहीबाई आकाराम धायगुडे
लोणंद, ता. खंडाळा, जि. सातारा
दि. १७ फेब्रुवारी २०२५

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार:

१. आप्पासो शेळके. शिडीचं वाचलं. संध्याकाळी आणतो.

२. बनुबाई कोळेकर. हे पोचलं. दुसरा निरोप पाठवायची घाई करू नगंस.