बोगद्यातून निघताना

४ फेब्रुवारी
पोहोचलो एकदाचे, मी आणि माझी रुफिना! खोली पिरॅमिडच्या मागेच आहे, दारात शेजारणीच्या कोंबड्या. पोर तर हरखूनच गेली. शेजारीण डोन्या एउफ्रासियानं मक्याच्या पानात वाफवलेले गरम तामाले आणून दिले. उद्यापासून पिरॅमिडखालच्या बोगद्यात काम: बळी देऊन पुरलेल्यांच्या हाडांवरची माती कुंचल्यानं झाडायची. विटा वाहण्यापेक्षा बरंच की!

५ फेब्रुवारी
सांगाडे ओळीनं बसलेत, हात पाठीशी बांधलेले. काही तर पोरंच. पिरॅमिड ढळू नये म्हणून पाया भरताना पुरली, असं मुकादम डॉन सिरिलो म्हणाला. बाहेर पडताना बोगद्याच्या तोंडाशी थांबून स्वतःलाच हाक मारायची, नाहीतर जीव खाली राहतो. दुसऱ्या कुणाचं नाव मात्र चुकूनही घ्यायचं नाही. खाली पुरलेले ते नाव धरून ठेवतात. मीही म्हटलं, कासिल्दा, चल गं, मागे राहू नकोस. हसूच आलं.

९ फेब्रुवारी
पाठीचा पार भुगा झालाय. निघताना डोळे मिटत होते. रोज संध्याकाळी दारातून मारते तीच हाक तोंडातून गेली: रुफिना, चल गं! बरोबरच्या बायकांनी पटापट छातीवर क्रूस काढला. दमलेल्या माणसाची जीभ, दुसरं काय.

१० फेब्रुवारी
रुफिना उठत नाही. ताप नाही, काही नाही. बसवली की हात पाठीमागे नेते. सोडवले, तरी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा.

१२ फेब्रुवारी
अन्नाला शिवत नाही. अंगाला ओल्या मातीचा वास येतोय. डोन्या माझ्यावर उखडलीच. अगं बये, पोरीचं नाव खाली देऊन आलीस की! आता तूच जा, हिरवी फांदी जमिनीवर आपट, हाका मार, घेऊन ये तिला. इतकी दमलेय की धड रडूही येत नाही. जाते.

दुपारी
आणली! हाका मारत राहिले, आणि गार, इवलासा हात हातात आला. मागे न बघता धावले. रुफिना, चल, रुफिना, चल — घरी येते तर पोर उठून बसलेली, डोन्याकडे जेवायला मागतेय. देवा, वाचली माझी पोर!

१३ फेब्रुवारी
रुफिना विचारतेय, आई कुठंय. अगं, ही काय, समोर बसलेय —
डोन्या माझ्या आरपार बघतेय. म्हणते, ती वर आलीच नाही गं, बाळा.
निघताना — स्वतःला हाक — मारलीच नाही मी.
पोर रडतेय. आई, आई —
माझे हात मागे जातायत. रुफिना, आई नको म्हणूस. नावानं हाक मार. माझं नाव — माझं —