बासष्ट सालचं सागवान

पुणे,
९ मार्च १९८७

आदरणीय बाबा,

सत्यशीलेचा तुम्हाला आणि मायला जय भीम. मी खुशाल आहे. मेसच्या पोळ्या जाड असतात, पण आता सवय झाली. मायचा गुडघा कसा आहे?

शिक्षण नीट चाललंय. सध्या जुन्या लाकडाचं वय काढायला शिकतोय. झाड दरसाल एक वलय धरतं. बऱ्या पावसाचं रुंद, दुष्काळाचं अरुंद. जुन्या वस्तीत सापडलेल्या लाकडाची वलयं साल माहीत असलेल्या झाडांशी जुळवली, की ते कधी तोडलं ते कळतं. सरावासाठी प्रत्येकानं एक लाकूड आणायचं होतं. म्हणून सुट्टीत मी जुन्या घराच्या खांबाचं जमिनीत राहिलेलं बूड मागितलं. तुम्ही पहारीनं उकरून दिलंत.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी ते हातात घेतलं. "जळालेलं दिसतंय. कुठल्या उत्खननातलं?"

"आमच्या घरातलं आहे, मॅडम."

त्यांनी तुकडा अलगद टेबलावर ठेवला. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

बुडाला तुम्ही डांबर फासलं होतं, त्यामुळे झाडाची साल आणि तिच्याखालचं शेवटचं वलय शाबूत होतं. किनवटच्या जंगलातल्या सागाशी वलयं जुळली. झाड बासष्ट साली तोडलेलं आहे. मॅडमनी स्वतः पडताळून पाहिलं.

बाबा, ही गोष्ट आपण घरात बोलत नाही. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत गावातल्यांनी घर पेटवलं तेव्हा मी मायच्या पदराआड होते. "वाड्यातलं चोरीचं सागवान हाय, जळू द्या," असं कुणीतरी म्हणालं. तुम्ही म्हणालात, "बासष्टला येलदरीच्या धरणावर माती वाहून, मजुरीच्या पैशातनं घेतलंय मी." कुणी ऐकलं नाही. तुम्हीही ते पुन्हा कधी बोलला नाहीत.

गावातला तो वाडा निजामाच्या काळातला, त्याचं लाकूडही तेव्हाचंच. आपलं झाड तर निजाम गेल्यावरही रानात वाढायलं होतं.

शनिवारी मी हे सगळ्या विभागासमोर मांडलं. बाहेरगावचे मोठे अभ्यासक आले होते. एकानं विचारलं, "बासष्ट सालाला दुसरा काही पुरावा?"

"माझ्या वडिलांचा शब्द," मी म्हणाले. "तो आधीपासूनच होता."

आवाज कापला नाही, बाबा.

तो तुकडा आता इथल्या संग्रहात, जुन्या गावांच्या लाकडांशेजारी ठेवलाय. चिठ्ठीवर मालक म्हणून तुमचं पूर्ण नाव मी माझ्या हातानं लिहिलं.

पुढच्या महिन्यात येते. तोवर गावात कुणी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तरी सांगा.

तात्याराव खंदारे यांची लेक,
सत्यशीला