मागच्या खोलीचा कायदेशीर ताबा

३ एप्रिल १९९४, रविवार. आर. के. पुरम
आजपासून मोहीम सुरू. बायको, वृंदा, पुण्याची नोकरी सोडून आमच्या लेकीला, सलोनीला, घेऊन पंधरा मेला कायमची येतेय. अट एकच: मागच्या खोलीतला भाडेकरू मानस गेलेला हवा. नाहीतर ती आल्या पावली परत. दोन वर्षं एकट्याने खिचडी खाल्ली. आता खरंच सहन होत नाही.
मानस महिनाभरासाठी आला होता, त्याला दीड वर्ष झालं. पण मी सेक्शन ऑफिसर. आरडाओरडा नाही. सगळं कायद्याने.

४ एप्रिल
मानसला कडक शब्दांत सांगितलं. बिल्कुल, म्हणाला. चहा घेणार का विचारलं. घेतला. चहा उत्तम करतो. त्याचा मूळ मुद्द्याशी संबंध नाही.

१० एप्रिल
मानस चादरींचा माल आणायला पानिपतला गेला. आपली माणसं तिथून फारशी परतत नाहीत, म्हणून थोडी आशा होती. संध्याकाळी हजर. टेम्पोभर गठ्ठे घेऊन. आता भांडायलासुद्धा उंबऱ्यात उभं राहावं लागतं.

१८ एप्रिल
वकील गाठला. घर कोणाचं, विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, सरकारचं! तो म्हणाला, सरकारी क्वार्टरमध्ये भाडेकरू ठेवणं हेच बेकायदा, कोर्टात गेलात तर आधी तुम्हीच बाहेर. फारच निगेटिव्ह माणूस. दुसरा बघतो.

२५ एप्रिल
वकिलांची गरजच नाही. मास्टरस्ट्रोक! एसटीडी बूथवरून, नाक दाबून, क्वार्टरवाल्या ऑफिसला फोन केला: अमुक नंबरात परका माणूस राहतो. ते येऊन मानसला काढतील, मी चकित होईन. आरशासमोर चकित होण्याची प्रॅक्टिस केली. बूथवाला हसत का होता, कळलं नाही.

२ मे
इन्स्पेक्टर आला. दार मानसने उघडलं. मी चकित व्हायच्या आत त्याने सांगून टाकलं की तो माझा साला, वृंदादीदीचा सख्खा भाऊ. नातेवाईक चालतात. इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणालो तर क्वार्टर जातं, मग वृंदा येणार कुठे? हो म्हणालो. जरा जास्तच जोरात. वर, लहानपणापासून अस्साच आहे, हेही जोडलं.
तात्पुरती माघार. मानस स्वयंपाकघरातून मला जीजाजी म्हणतोय.

१५ मे
वृंदा आली. शेजारची कल्पना भटनागर गॅलरीतूनच तिला म्हणाली की तुमचा भाई म्हणजे हीरा आहे. वृंदाला भाऊ नाही. तिने बॅगा उघडलेल्या नाहीत. घाबरलोय.

१६ मे
वृंदा स्वतः मागच्या खोलीत गेली. शाब्बास! दोन तास झाले. आतून हसण्याचे आवाज. शत्रूला गाफील ठेवतेय.

१२ जून
बॅगा उघडल्या. वृंदा आणि मानस मिळून कॉलनीतल्या बायकांना चादरी विकतात. खोली पुरत नाही, म्हणून मानस हॉलमध्ये. वृंदा आणि सलोनी बेडरूममध्ये, उरलेल्या गठ्ठ्यांसह. मी गॅलरीत. हवा चांगली आहे. इथून सगळ्यावर नजरही राहते.

२१ ऑगस्ट, राखी
वृंदाने मानसला ओवाळलं. मी निषेध म्हणून गॅलरीतच बसलो.
अकरा वाजता नवा इन्स्पेक्टर. कॉलनीतून कोणाचा तरी फोन होता म्हणे: या क्वार्टरच्या गॅलरीत कोणी परका माणूस झोपतो. त्याने वृंदाला विचारलं, हे कोण? वृंदा माझ्याकडे बघून जरा विचारात पडली.
शेवटी मानसने सांभाळून घेतलं. म्हणाला, घरचेच आहेत.