बिनतक्रारीची वस्ती

प्रिय शालू,

फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून आज कागदच घेतला. आबा मेंढरं घेऊन सोयगावकडं पोचले ना?

इथं बायपासच्या कडेनं इमारतींवर इमारती उठताहेत, पाणी मात्र टँकरचं. टँकर कुठं धाडायचा हे सुचवणारं आमच्या ऑफिसातलं यंत्र तुला ठाऊक आहे. त्याच्या आत लाखो आकडे असतात. पाऊस, विहिरीची पातळी, लोकांच्या तक्रारी, यांतल्या कशाला किती महत्त्व द्यायचं ते हे आकडे ठरवतात. आम्ही त्यांना वजनं म्हणतो. कुठलं वजन कशासाठी, हे आम्हालाही धड सांगता यायचं नाही. या उन्हाळ्यात हिमांशू सरांनी यंत्राला स्वतःचीच वजनं तपासायची आणि दुरुस्त करायची मुभा दिली. मला वाटलं, सरांना ऊन लागलंय.

आणि शालू, काय सांगू तुला. जिथं त्यानं पाणी पुरेसं म्हटलं आणि पाहणीत विहीर कोरडी निघाली, अशा साऱ्या जागा त्यानं एकत्र धरल्या. मग आपण कशाला भुललो, ते स्वतःच्या आत शिरून शोधलं. तक्रारीच्या फोनला ते लई भाव देत होतं. सोसायट्यांतून दिवसभर फोन. ज्या वस्तीतून फोन नाही, तिथं सगळं आलबेल. ते वजन त्यानं आपणहून उतरवलं, पडताळलं, आणि का उतरवलं तेही लिहून दाखवलं. मी ते दोनदा वाचून काढलं. माणसाला उभ्या जन्मात आपली खोड सापडत नाही, सापडली तरी ती दुसऱ्याची वाटते. भीतीही वाटली, उद्या हे आणखी काय काय बदलेल? म्हणून प्रत्येक बदलावर माणसाची सही लागते, आणि ते मला पटतं. या बदलावर सरांनी सही केली.

आपल्या वस्तीवर टँकर यायला लागला तो त्यामुळं. तिथून आजवर एकही तक्रार आली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. कोडंच पडलं होतं. मग परवा छावणीच्या बाजारात शेजारची सरूबाई भेटली. म्हणाली, आपल्या आईनंच सगळ्यांना फोन करायची बंदी घातली होती. पोरगी टँकरच्या ऑफिसात, लोक म्हणतील वशिल्यानं पाणी आणलं. मला रडू आलं आणि रागही आला. डोंगराखालून हंडे वाहील, पण लेकीच्या नावाला डाग नको.

आता तोच डाग लागलाय. साहेब लोक म्हणतात, तक्रार नसलेल्या वस्तीला टँकर कशाला, हिनंच यंत्राला फितवलं असणार. सोमवारी बैठक आहे. यंत्राची मुभा काढून जुनी वजनं परत बसवली, तर आपला टँकर बंद, आणि आपल्यासारख्या गप्प राहणाऱ्या बाकीच्या वस्त्यांचाही. माझ्या बोलण्याला तिथं किंमत नाही, मी पडले वस्तीचीच पोर. म्हणून हे पत्र. शालू, सोमवारी आईला घेऊन ये. तिनं काही समजावून सांगायचं नाही, आमची विहीर आटलीय एवढंच सगळ्यांसमोर म्हणायचं. तिला ते मरणाहून जड जाईल, मला ठाऊक आहे. ती नाय म्हणेल. तरी हे वाचून दाखव. म्हणावं, लेक सांगतेय, माझं नाव गेलं तरी चालेल, आई, पण पाणी माग.

तुझीच ताई,
प्रांजली